भारी पेट्रोलची परीक्षा

ऐंशीच्या आसपास पेट्रोल पुन्हा पुन्हा महाग झालं आणि आमच्या घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. गाडी माझ्या सासऱ्यांची. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं, म्हणून मीही दादाच म्हणत असे. विकायची असं म्हणणारा माझा नवरा, आणि मी मेल्यावर विका असं म्हणणारे दादा. मी आणि सासूबाई मध्ये.

दादा मनमाडला रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जायचं आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येतो. बारीकसा जरी तडा गेला असेल तरी आवाज बसतो. अख्खी नोकरी त्यांनी कानावर केली. रिटायर होऊन ते नाशिकला आमच्याकडे द्वारका चौकापलीकडच्या कॉलनीत राहायला आले, तेव्हा हा कानही घेऊन आले. नवा माठ आणला, ठोक. नारळ आणला, ठोक. माझ्या माहेरच्या पितळी पातेल्याला टिचकी मारून त्यांनी जाहीर केलं, "याला डाग दिलेला हाय." खरंच, भोक पडलं म्हणून ते झाळून घेतलेलं होतं. त्यामुळे घरात एक रिवाजच पडला. आवाजाचा प्रश्न आला की दादांना विचारायचं. ते म्हणतील ते शेवटचं.

पण स्वयंपाकघरात दिवसभर कोणी भांडी ठोकत बसलं तर माणूस वेडं होतं. म्हणून त्यांनी फंडाच्या पैशातून सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा मी एका शब्दानं विरोध केला नाही. गाडी चालवायला ते तरुणपणीच एका ट्रकवाल्या दोस्ताकडून शिकले होते. कॉलनीतल्या लोकांची भाडी ते मारायचे. कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कोणाला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं. बुद्ध पौर्णिमेला विहारात येणारे पाहुणे स्टेशनवरून आणायचे, त्याचे मात्र पैसे घेत नसत. रस्त्यात लोक त्यांना हात करून थांबवत. मनमाडला त्यांना जो मान होता तो त्यांना इथं पुन्हा मिळाला, आणि मला माझं स्वयंपाकघर मिळालं. गाडी राहावी असं वाटण्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

मग गाडी घाटात वाजायला लागली. मुंबईहून परत येताना कसाऱ्याचा चढ सुरू झाला की इंजिनातून किटकिट आवाज यायचा; भाड्याची माणसं येऊन सांगायची, मीही ऐकला होता. पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसा. सपाटीवर काही नाही. गॅरेजवाल्यानं सगळं उघडून पाहिलं आणि सांगितलं, "असंच वाजू दिलंत तर पिस्टन जाईल. भारी पेट्रोल टाकून बघा."

नाशिकमध्ये तेव्हा भारी पेट्रोल सगळ्या पंपांवर मिळत नसे. द्वारकेकडच्या एका पंपावर होतं. तिथल्या पाटीवर त्याच्यापुढे त्र्याण्णव असा आकडा लिहिलेला होता. दादांना तो मार्कांसारखा वाटायचा. "शंभरात त्र्याण्णव हायेत," ते म्हणायचे, "आणि साधं कसंबसं पास झालेलं." सासूबाई त्याला गंगापूर रोडवाल्यांचं पेट्रोल म्हणायच्या. बंगले, डॉक्टर, वकील, त्यांच्या गाड्यांनी प्यावं असं. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. कोणत्याही खर्चाला आधी नाही म्हणायचं आणि मग कारण शोधायचं, अशी त्याची पद्धत होती.

एका रविवारी जेवताना तोंडाला तोंड लागलं.

"साधंच परवडत नाही आणि तुम्ही भारी घालायला निघालात," नवरा म्हणाला.

"कसाऱ्याच्या घाटात रेल्वेबी मागनं दुसरं इंजिन लावती," दादा म्हणाले. "का लावती? चढाला जास्तीचा जोर लागतो म्हणून. तिला कोणी म्हणत नाय, परवडत नाय."

"रेल्वेची गोष्ट वेगळी. रेल्वे काय तुमची आहे?"

"व्हती," दादा म्हणाले आणि भाकरी मोडली.

सासूबाई म्हणाल्या, "दोघं बी गप जेवा. हिला झाकपाक करायची हाय."

शेवटी नवऱ्यानंच अट घातली. कल्याणला नणंदेकडे कांद्याच्या दोन गोण्या पोचवायच्या होत्या. टाकीतलं साधं संपत आणायचं, भारी भरायचं आणि आपण सगळ्यांनीच जायचं. परत येताना घाटात इंजिन वाजलं नाही तर गाडी ठेवायची आणि भारी पेट्रोलचे जास्तीचे पैसे मुकाट्यानं द्यायचे. वाजलं तर गाडी विकायची. दादांनी लगेच मान हलवली. वाजलं की नाही हे ठरवणार कोण, असं कोणी विचारलंच नाही. आमच्या घरात ते विचारायची गोष्टच नव्हती. ज्याची गाडी जाणार तोच न्यायाधीश, यात कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

कल्याणला कांदे उतरवून नणंदेनं बदल्यात तांदळाचं पोतं दिलं, त्यामुळे परतीलाही ओझं राहिलं. मी पुढे बसले होते, कारण मागे बसलं की मला मळमळतं. सासूबाई आणि नवरा मागे, पोत्याला टेकून. कसारा गेलं, चढ लागला. पहिल्या वळणावर काही वाजलं नाही. दुसऱ्यावरही नाही. दादा सरसावून बसले. मग रस्ता एकदम उभा झाला, पुढे एक ट्रक रखडत होता, आणि किटकिट सुरू झाली. पूर्वीपेक्षा बारीक होती, हे खरं. पण होती.

दादांचा चेहरा खुलला होता. "ऐका!" ते म्हणाले. "काय ऐकू येतंय? काय नाय! आता बोला!"

मी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो इंजिन ऐकतच नव्हता. तो वडिलांचा चेहरा पाहत होता. "खरंच की," तो म्हणाला. "गेला आवाज."

मी गप्प बसले असते तर गाडी राहिली असती. पण इंजिन वाजत होतं, आणि ते एक दिवस या घाटात कोणाच्या तरी बाळंतिणीला घेऊन बंद पडलं असतं. मी म्हणाले, "दादा, वाजतंय."

"कुठं?"

"आत्ता. अजून वाजतंय."

"काय तरीच."

"हे बघा, ट्रक पुढे गेला, तुम्ही दाबलंत, आता जास्त वाजतंय."

दादांनी डोकं थोडं पुढे केलं. वळण संपलं, चढ जरा ओसरला आणि आवाज थांबला. "आता थांबला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. राग नव्हता. हिशेब लावत असल्यासारखे पाहत होते.

इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा राग आला. "तुला बी गाडी नकोय," ते म्हणाले. "नवरा-बायकोचं ठरलेलं हाय."

"मला गाडी हवीय," मी म्हणाले. "तुम्ही घरी बसलात तर मला किती त्रास होतो ते तुम्हाला ठाऊक नाही."

सासूबाईंना हसू आवरेना. दादा मात्र अर्धा चहा टाकून गाडीत जाऊन बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून आले. महापालिकेच्या शाळेत मी शिकवायचे. घरात दादा एकटेच होते. ओट्यावर दोन माठ मांडून ठेवले होते. एक आमचा रोजचा, दुसरा मागच्या उन्हाळ्यात तडकलेला, ज्यात सासूबाई कांदे-बटाटे ठेवायच्या.

"मी पाठ फिरवून बसतो," दादा म्हणाले. "तू ठोक. कोणता ते सांगू नको."

मला ते करायचं नव्हतं. पण त्यांनी आधीच स्टूल वळवून घेतलं होतं. मी बोटाच्या पेरानं चांगला माठ वाजवला. मग तडकलेला. मग पुन्हा चांगला.

दादांनी डोकं जरा तिरकं केलं. मग म्हणाले, "दोन्ही फुटके."

"एक चांगला आहे, दादा."

"पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवला. ते उठले, वळले, त्यांनी स्वतः दोन्ही माठ वाजवले आणि कान जवळ नेला. त्यांना जाडाभरडा आवाज ऐकू येत होता. माझं बोलणं ऐकू येत होतं, रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. आवाजातला वरचा, बारीक भाग तेवढा गेला होता. माठाची खणखण त्या भागात असते, इंजिनाची किटकिटही तिथंच असते. असं काही आपल्या घरात होऊ शकतं हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. इतर कोणाचा कान असता तर आम्ही कधीच ओळखलं असतं. दादांचा असल्यामुळे आम्ही स्वतः ऐकणंच सोडून दिलं होतं.

ते स्टुलावर बसले. "हे कधीपासून झालं असंल?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"नोकरीत असतानाच सुरू झालं असंल तर?"

त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. रात्रंदिवस त्या स्टेशनातून गाड्या जात होत्या. मी म्हणाले, "तुम्ही पास केलेल्या गाडीचं चाक कधी गेलं का?"

"कानावर तरी आलं नाय."

"मग झालं तर."

"झालं कसं?" ते म्हणाले. मी चहा ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली नवऱ्यापुढे ठेवली. "सायकलची घंटी मला ऐकू येत नसणार," ते म्हणाले. "द्वारकेच्या चौकात सायकली किती असतात ते बघतोस ना? गाडी ईक." नवऱ्याची अट त्याच्या बाजूनं पूर्ण झाली होती, पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. दादांनी भांडून किल्ली दिली असती तर त्यानं घेतली असती. अशी सरळ दिली तर ती घ्यायची कशी, हे त्याला कळेना. किल्ली जेवण होईपर्यंत तिथंच पडून राहिली.

गाडी दारात उभी राहिली आणि दादा घरात बसले. यावेळी ते भांडी ठोकत नव्हते. काहीच करत नव्हते. मला ते ठोकण्यापेक्षा वाईट वाटलं. नवरा गिऱ्हाईक शोधू लागला. तेव्हा मी म्हणाले, "गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी चालवायला शिकते. दादांनी शिकवायचं."

"तू?" नवरा म्हणाला.

"का? पेट्रोलच्या टाकीला कळतं का बाई बसलीय ते?"

सासूबाई म्हणाल्या, "शिकू दे. मला माहेरी जायला तुझ्या पाया पडायला नको."

गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांची रांग संपली की मोकळा रस्ता लागायचा. पहाटे आम्ही तिथं जायचो. दादा माझ्या शेजारी बसून तळहात गाडीच्या पुढच्या फळीवर पालथा ठेवायचे. कानानं कळत नव्हतं ते ते हातानं ऐकायचा प्रयत्न करत होते. त्यांना बऱ्यापैकी जमतही होतं. "आता गिअर मागती," ते म्हणायचे, आणि खरंच मागत असायची. शिकवताना ओरडायचे भरपूर. "अगं, क्लच हाय तो, पायपुसणं नाय!" दूधवाले सायकल थांबवून पाहायचे. एक जण म्हणाला, "बाई चालवती, बाजूला व्हा रे." दादांना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं, नाहीतर ते उतरले असते.

मला लायसन मिळालं तरी गिऱ्हाईक मिळालेलं नव्हतं. खरं म्हणजे नवऱ्यानं शोधणं सोडलं होतं, पण तसं तो कबूल करत नव्हता. "अट अजून तीच आहे," तो म्हणाला. "घाटात वाजलं तर विकायची."

पुन्हा कल्याणची खेप ठरली. दादा म्हणाले, भारी भरू. मी म्हणाले, साधंच भरायचं.

"साध्यानं वाजणारच हाय. कशाला मुद्दाम हरायचं?"

"दादा, माणूस बदललं आणि पेट्रोलही बदललं, आणि वाजलं नाही, तर कशानं वाजलं नाही ते कळणार कसं? आधी एकच गोष्ट बदलू."

"मास्तरीण," ते म्हणाले. पण पंपावर त्यांनी साध्याच्या बाजूला बोट दाखवलं.

परतीला पुन्हा तोच चढ. दादा शेजारी, मागे नवरा आणि सासूबाई, आणि यावेळी गोणीभर नारळ. त्या उभ्या वळणाच्या तोंडाशी किटकिट सुरू झाली. मला तो आवाज सहनच होत नाही, दातात वाळू आल्यासारखं होतं. फार विचार न करता मी क्लच दाबला आणि तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकला. गाडी हळू झाली, इंजिन मोठ्यानं गुरगुरलं आणि किटकिट बंद झाली. पुढच्या वळणावर ती सुरू व्हायच्या आतच मी दुसरा टाकला. ती आलीच नाही.

दादांचा हात फळीवर होता. "दुसरा का टाकलास?" त्यांनी विचारलं.

"वाजायला लागलं म्हणून."

"आणि टाकल्यावर?"

"थांबलं."

मग मान न वळवता त्यांनी मागे विचारलं, "काय रे, मी हितं कोणत्या गिअरला असायचो?"

नवरा पुढे सरकला. "पूर्वी बदलायचात," तो म्हणाला. "मागच्या खेपेला तिसऱ्यावरच होतात. मला वाटलं, भारी पेट्रोल आहे म्हणून मुद्दाम."

"मुद्दाम नाय," दादा म्हणाले. "गाडी सांगायची, दुसरा टाक. म्हणून टाकायचो. मग ती सांगायची बंद झाली. मला वाटलं, आता तिला लागत नाय."

इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं, पेट्रोलमध्येही नव्हतं. किटकिट ऐकून गिअर बदलणारा माणूस ती ऐकेनासा झाला, म्हणून ती वाढली. जास्तीचे पैसे आम्ही इंजिनासाठी द्यायला निघालो होतो. ते खरं तर दादांच्या कानासाठी होते.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला आहे. भारी पेट्रोल खोटं नव्हतं. पहिल्या खेपेला त्यानं आवाज कमी केलाच होता. चालवणाऱ्याची चूक ते थोडीफार पोटात घालतं, आणि त्यासाठीच त्याला जास्तीचे पैसे पडतात. काही इंजिनं अशी असतात की त्यांना तेच लागतं; त्यांनी जरूर घ्यावं. पण आपण कशाचे पैसे देतोय ते आधी माहीत असावं. औषधाच्या बाबतीत, शिकवणीच्या बाबतीत, महागड्या साडीच्या बाबतीतही मी हेच बघत आले आहे. माणूस जास्तीचे पैसे देऊन पुष्कळदा एखादी तपासणी टाळत असतो. आम्ही त्या दिवशी किटकिट गेली असं धरून चाललो असतो, तर दर महिन्याला भारी पेट्रोल भरत राहिलो असतो आणि द्वारकेच्या चौकात कधीतरी एखादा सायकलवाला दादांच्या चाकाखाली आला असता.

घाट संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली. नवरा मागून म्हणाला, "मग? काय समजायचं? सुरुवातीला वाजलं होतं."

"एवढंसं," सासूबाई म्हणाल्या.

"अट म्हणजे अट."

दादा त्याच्याकडे वळले. "ईकायची तर ईक," ते म्हणाले. "पण घेणाऱ्याला सांग, साध्या पेट्रोलवर चढती. आमच्या सुनेनं चढवलीय. हे सांगितल्याशिवाय ईकायची नाय."

"मग कोण मूर्ख विकेल?" नवरा म्हणाला. त्याला हवी होती तशी वाट मिळाली होती.

"मी रविवारीच चालवीन," मी म्हणाले. "बाकीचे दिवस शाळा आहे."

"रविवारी तर रविवारी," दादा म्हणाले.

त्यांनी स्वतः पुन्हा कोणाला घेऊन गाडी चालवली नाही. त्यांचा कान सुधारला नाही, उलट पुढे मशीन लावावं लागलं आणि ते त्यांना कधीच आवडलं नाही. कॉलनीतली भाडी अर्थात कमी झाली. पण रविवारी कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, हे तेच ठरवायचे, आणि लोक गाडीसाठी त्यांच्याकडेच यायचे, माझ्याकडे नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. प्रवासात ते माझ्या शेजारी बसत. कसारा मागे पडलं आणि चढ सुरू झाला की भर उन्हाळ्यातही आपल्या बाजूची काच गरागरा वर करून घेत, मला इंजिन नीट ऐकू यावं म्हणून. मागून सासूबाई ओरडायच्या, "अहो, खाली करा ती काच, जीव गुदमरतोय!" ते त्यांना ऐकू यायचं नाही. निदान ते तसं दाखवायचे.